वाचकांचे प्रश्न: काळा कागद, रंगीत पेन्सिल आणि इरकलीची निरी

मोहोळ तालुक्यातले चित्रकार शशिकांत धोत्रे काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलीने काम करतात, असं गेल्या अंकात आम्ही ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. निम्मी त्यांच्या चित्रांविषयी आहेत. उरलेली 'आमच्याकडे तसं का जमत नाही' या तक्रारीची. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे इथे एकत्रच देत आहोत.

धोत्रे नेमके कुठले? चित्रकार एम. एफ. हुसेनसुद्धा आपल्याच जिल्ह्याचे ना? आणि धोत्रे सतत साडीतल्या बायकाच का काढतात?
(एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर)

हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. पण बालपण इंदूरला गेलं, नाव मुंबईत झालं. जिल्ह्याने अभिमान जरूर बाळगावा, पण त्यांच्या चित्रांना इथली माती फारशी लागलेली नाही. धोत्रे यांचं तसं नाही. जन्म १९८२ चा, गाव मोहोळ तालुक्यातलं शिरापूर, घरचा व्यवसाय दगडाच्या कामाचा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांना प्रवेश मिळाला, पण पैशाच्या ओढाताणीत शिक्षण अर्ध्यावर सुटलं. पुढचं त्यांनी स्वतःच्या हाताने शिकून घेतलं, आणि तेही तैलरंगात न जाता शाळकरी पोरांच्या दप्तरात असते त्या रंगीत पेन्सिलीने. अलीकडे ते चित्रपट दिग्दर्शनाकडेही वळले आहेत.

आता विषयाचं. आपल्याकडच्या चित्रांत खेड्यातली बाई आली की डोक्यावर घागर, काखेत पोर किंवा हातात विळा असं काहीतरी असतंच. ती कामात नसेल तर ती खेड्यातली आहे हे पाहणाऱ्याला पटत नसावं. धोत्रेंच्या बायका बहुधा काहीच करत नसतात. त्या बसलेल्या, कलंडलेल्या, कशाची तरी वाट पाहणाऱ्या असतात. चेहरा अनेकदा वळलेला किंवा पदराआड असतो. घरातली माणसं बाहेर गेल्यावर बाईच्या वाट्याला दुपारचा जो अर्धा तास येतो, तो या चित्रांचा खरा विषय आहे असं आम्हाला वाटतं.

काळा कागद इथे नुसता हौसेचा नाही. धाब्याच्या घरात दुपारी दाराशी असेल तेवढाच उजेड, दोन हात आत सरकलं की अंधार. काळ्या कागदावर भिंत, कोनाडा, अंगण काहीच काढावं लागत नाही. उजेड जिथे पडला तेवढी बाई आणि तेवढं लुगडं उरतं. चेहरा लपलेला असल्यामुळे मनातलं सगळं कापडावर उमटावं लागतं. निऱ्या कशा दबल्या आहेत, पदर कुठे ओढला गेला आहे, यावरून बाई किती वेळ तशी बसली असेल ते कळतं.

एक खोटही सांगून टाकू. कारागिरी इतकी डोळ्यांत भरते की प्रेक्षक 'अगदी फोटोसारखं!' म्हणून पुढे सरकतो. त्यात प्रेक्षकाचा दोष आहेच, पण चित्रातल्या गोडव्याचाही थोडा आहे.

पेन्सिलीचं काम म्हणजे ड्रॉइंग. मग धोत्रेंना 'पेंटर' कसं म्हणायचं?
(अक्कलकोट)

ओला रंग म्हणजे पेंटिंग, कोरडा म्हणजे ड्रॉइंग, ही वाटणी प्रदर्शनाच्या अर्जापुरती ठीक आहे. पेस्टलचं काम कोरडंच असतं आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. रेषेने आकार सांगितला तर ड्रॉइंग, रंगाच्या थरांनी सांगितला तर पेंटिंग, असं धरलं तर धोत्रे पेंटरच ठरतात. त्यांच्या चित्रांत रेषा शोधावी लागते.

आमच्या शाळेत नववीच्या मुलांनी काळ्या कार्डशीटवर साडी नेसलेली बाई काढली. लाल रंग विटकरी झाला, निळा दिसेनासा झाला, आणि पांढरा खाली देऊन वर रंग लावला तर सगळं खडूने काढल्यासारखं झालं. चूक कुठे?
(कलाशिक्षिका, मोहोळ)

तुमच्या प्रश्नातच दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पेन्सिलीचा रंग अर्धपारदर्शक असतो. पांढऱ्या कागदावर उजेड रंगातून आत जातो, कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणजे चमक कागदाची, रंग पेन्सिलीचा. काळा कागद आत गेलेला उजेड गिळून टाकतो. म्हणून थेट लावलेला लाल विटकरी दिसतो आणि निळा बुडतो. यावर उपाय म्हणून खाली पांढरा द्यायचा, हे बरोबरच. पण मुलांनी तो सगळीकडे सारखा दिला, म्हणजे काळा कागद घेऊन त्याचा पांढरा करून टाकला. वरून पांढरा जोरात दाबला की कागदाचा टूथ, म्हणजे रंग धरून ठेवणारा खरखरीतपणा, भरून जातो. मग वरचा रंग चिकटत नाही, घसरतो, पांढऱ्यात मिसळतो. ते खडूसारखं दिसणं तिथून येतं.

पांढरा कुठे, किती आणि कुठे अजिबात नाही, एवढं ठरलं की अर्धं काम झालं. यासाठी पूर्ण बाई काढायला देऊ नका. इरकलीची एकच निरी द्या, चार इंच लांब, दीड इंच रुंद.

निरीला तीन जागा असतात: उजेड झेलणारा माथा, तिथून खाली जाणारा उतार, आणि दोन निऱ्यांमधली खाच. खाचेला हात लावायचा नाही, तिथे कागदच काम करतो. उतारावर पांढरा नको. गडद लाल किंवा मरून थेट कागदावर, हलक्या हाताने, दोन-तीन थर. तो विटकरी दिसेल आणि तसाच दिसायला हवा, कारण सावलीतलं लाल कापड विटकरीच दिसतं. पांढरा फक्त माथ्यावर, दोन पातळ थर, आणि उताराकडे येताना विरत जाणारा. त्याची कड दिसली की निरी पट्टी चिकटवल्यासारखी दिसते. पांढऱ्यावर फिकट पिवळा किंवा क्रीम एक थर, मग लाल दोन थर. हा लाल माथ्याकडून उतारात उतरून तिथल्या मरूनवर थोडा चढला पाहिजे, म्हणजे सांधा दिसत नाही. शेवटी माथ्याच्या अगदी टोकाला क्रीमची केसाएवढी रेघ. जोर लावायचा तो इथेच, आणि एकदाच.

एक थर नेहमी राहून जातो. खाचेच्या पलीकडच्या कडेला, काळ्यात जाण्याआधी, शेजारच्या निरीवरून उडालेला उजेड पडतो. तिथे मंद जांभळा किंवा राखी निळा अगदी पुसट फिरवला की निरी गोल होते. तो नसला की अर्धी कापून ठेवल्यासारखी वाटते.

काठाचं वेगळं. काठाच्या रेघा निरीबरोबर वळतात, खाचेत दिसेनाशा होतात आणि पलीकडे थोड्या सरकून पुन्हा निघतात. मुलं त्या पट्टीने सरळ ओढतात. मग वर कितीही शेडिंग करा, कापड सपाटच राहतं. काठ आधी आखून घ्या, रंग मागाहून. इरकलीच्या लाल टोपपदरातल्या पांढऱ्या नक्षीलाही हाच नियम. तिथला पांढरा सावलीत राखी होतो. सगळीकडे शुभ्र ठेवला तर नक्षी कापडावरून उठून हवेत तरंगते.

साडीला जरीकाम असेल तर सोनेरी पेन्सिल वापरू नका. समोरून चमकते आणि बाजूने पाहिलं की राखाडी डाग दिसतो. गेरू, तपकिरी, क्रीम आणि टोकाला पांढरा ठिपका, या चौघांत जरीची चमक येते.

आखणीबद्दलही सांगतो. साध्या शिसपेन्सिलीने काळ्या कागदावर आखू नका. ग्रॅफाइट चमकतं, वरचा रंग धरत नाही, आणि पूर्ण झालेल्या चित्रात तिरक्या उजेडात पूर्वीचं चुकलेलं नाक दिसत राहतं. चित्र आधी साध्या कागदावर पक्कं करा, ट्रेसिंग पेपरवर उतरवा, ट्रेसिंगच्या मागच्या बाजूला पांढरी पेन्सिल घासा आणि हलक्या हाताने छाप घ्या. जोर दिला तर कागदावर खोबण पडते. मग पेन्सिल तिच्यावरून नुसती उडी मारून जाते आणि काळी रेघ कायमची राहते.

सामान कोणतं घ्यावं? बजेट फार नाही.
(बार्शी)

मोठा डबा घेऊ नका. काळ्या कागदावर एकट्या पांढऱ्या पेन्सिलीचा फडशा बाकी कुठल्याही रंगाच्या तिप्पट-चौपट वेगाने पडतो. चोवीसचा चांगला डबा आणि वर सुट्या तीन पांढऱ्या, एक क्रीम, हे बहात्तरच्या साध्या डब्यापेक्षा उपयोगी.

पेन्सिलीचा गाभा म्हणजे रंगद्रव्य, माती आणि बांधणारा पदार्थ. तो मेणाचा असेल तर पेन्सिल मऊ, भरगच्च, झाकणारी. प्रिझ्माकलर प्रीमियर आणि कारान दाशची ल्युमिनन्स या त्या जातीच्या. तेलाचा असेल तर कडक, टोक टिकणारी, बारीक कामाची. फाबर-कास्टेल पॉलिक्रोमोस ही तशी. काळ्या कागदावर पांढरा आणि फिकट रंग मेणाचे, गडद आणि बारीक काम तेलाचं, अशी जोडी बरी पडते. पॉलिक्रोमोसच्या अंगावर तारे छापलेले असतात. तीन तारे म्हणजे उजेडात सर्वांत टिकाऊ. नेमके गुलाबी आणि जांभळे बऱ्याच कंपन्यांचे कच्चे निघतात, आणि साडीला तेच लागतात.

कागद चौरस मीटरला १६० ग्रॅमच्या खालचा नको. कॅन्सनचा मी-टांट मोठ्या शहरांतल्या कलासाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतो. त्याची एक बाजू मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार, दुसरी त्या मानाने गुळगुळीत. पेन्सिलीला गुळगुळीत बाजू घ्यावी, नाहीतर गालावर जाळी उमटते. स्टेशनरीतली कार्डशीट सरावाला चालेल, विकायच्या कामाला नाही. तिचा काळा उजेडात उडतो आणि हळूहळू तपकिरी-राखाडी होतो. चित्रातला अंधारच उडाला तर बाकी काय उरलं?

घेण्याआधी चाचणी करा, खर्च शून्य. कागदाच्या पट्टीवर तुमचे सगळे रंग एकेक बोट ओढा, पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत चिकटवा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तीन-चार आठवडे पुरतात. पुठ्ठा काढा, कोण टिकलं ते समोर दिसेल. या एका बाबतीत आपला उन्हाळा कामाला येतो.

बाकी बाबतीत त्रासच. पारा ४२-४३ वर गेला की मेणाचा गाभा मऊ पडतो. पहिल्याच थरात जास्त रंग उतरतो, टूथ लवकर भरतो, आणि सकाळी सहा थर घेणारा कागद दुपारी तीन थरांतच नको म्हणतो. पत्र्याखाली बसून काम करणाऱ्यांनी बारीक काम सकाळी उरकावं. पेन्सिली गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. हाताखाली बटर पेपर घ्या. काळ्या कागदावर घामाचा आणि तळव्याच्या तेलाचा डाग चकचकीत दिसतो आणि खोडरबराने जात नाही. पेन्सिल फरशीवर पडली तर आतल्या गाभ्याचे तुकडे होतात. मग शार्पनरमध्ये टोक पुन्हा पुन्हा मोडतं आणि आपण शार्पनरला शिव्या घालतो.

वर्षापूर्वी काढलेल्या चित्रावर पांढरट धूर पसरल्यासारखं झालं आहे. बुरशी आहे का? वर स्प्रे मारू का?
(होटगी रोड, सोलापूर)

वर्णनावरून हे मेण वाटतं. मेणाच्या पेन्सिली जिथे दाबून, थरावर थर लावल्या असतील तिथे मेण हळूहळू वर येतं आणि झिरझिरीत पांढरा पडदा धरतं. गडद रंगांवर तो आधी दिसतो. ओळखायचं असं: मेण रंग लावला तिथेच, सारखं पसरलेलं असतं, मऊ कापडाने हलकेच पुसलं की जातं. बुरशी ठिपक्यांनी येते, कोऱ्या कागदावरही दिसते, भिंगातून केसाळ दिसते, कुबट वास येतो आणि साधारण पावसाळ्यानंतर उगवते. बुरशी असेल तर पुसू नका, पसरेल. चौकट उघडून चित्र कोरड्या, हवेशीर जागी वेगळं ठेवा आणि कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

मेण असेल तर जुनं मलमलीचं फडकं, जोर न लावता, एकाच दिशेने. थोड्या महिन्यांनी ते पुन्हा येऊ शकतं. फिक्सेटिव्हने, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, अटकाव होतो, म्हणून लोक स्प्रेकडे धावतात, आणि काळ्या कागदावर इथेच फसतात. फिक्सेटिव्हने पांढरा आणखी पारदर्शक होतो. खालचा काळा वर येतो, आणि आठवडाभर खपून उजळलेला माथा दोन मिनिटांत मावळतो. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर, त्याच पेन्सिलींनी करून बघा. मारायचाच तर फुटभर अंतरावरून, दोन हलके फवारे, मध्ये पंधरा मिनिटं, आणि त्यानंतर हायलाइट पुन्हा उचलायची तयारी ठेवून. घाईने एकच ओला फवारा मारला तर थेंबांचे डाग पडतात.

फ्रेम कशी करावी? आमच्या फ्रेमवाल्याने चित्र काचेला टेकवून, मागे प्लायवर चिकटवून दिलं.
(पंढरपूर)

ते शक्य तितक्या लवकर सोडवून घ्या, मात्र चिकटवलेला कागद स्वतः ओढून काढू नका.

चित्र आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, किमान तीन मिलिमीटरची फट हवी. टेकलेल्या काचेला उन्हाळ्यात मेण चिकटतं आणि पावसाळ्यात आतल्या बाजूने ओल धरते. माउंट आम्लमुक्त, चित्र फक्त वरच्या कडेने दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं. बिजागरी जपानी कागदाची आणि गव्हाच्या खळीची. सेलोटेप दोन-तीन वर्षांत पिवळी होऊन तेल सोडते.

काळ्या चित्राची खरी अडचण मात्र काच हीच. साध्या काचेखाली काळा कागद म्हणजे आरसा. चित्रातल्या बाईऐवजी पाहणाऱ्याचं पोट आणि मागची ट्यूबलाइट दिसते. परावर्तन कमी करणारी काच महाग पडते. परवडत नसेल तर समोर खिडकी किंवा दिवा नसलेली भिंत निवडा आणि उजेड वरून, तिरका द्या. पश्चिमेची तापणारी भिंत नको, आणि मोरीच्या पलीकडची ओल धरणारी तर नकोच.

फोटोवरून काढणं म्हणजे नक्कल का? आणि धोत्रेंची चित्रं पाहून काढली तर चालतं का?
(विद्यार्थी, सोलापूर)

फोटो चालतो, पण फोटो तुम्ही काढा. एक खिडकी किंवा एक दार, बाकी सगळे दिवे बंद, बाई उजेडाला तिरकी. मोबाइलचा एचडीआर बंद करा. तो सावल्या उजळून ठेवतो, खाचा भरून टाकतो, आणि मग चित्रात काळा कुठे सोडायचा तेच कळत नाही. एक्स्पोजर थोडं खाली ओढा. निऱ्या मात्र समोर बसून पाहाव्या लागतात. फोटोत खाच नुसती काळी दिसते, डोळ्याला तिच्यात रंग दिसतो.

दुसऱ्याचं चित्र पाहून सराव करायला हरकत नाही. ते प्रदर्शनात पाठवणं किंवा विकणं यात हरकत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रावर चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. 'साडीचा रंग बदलला आहे' ही सबब टिकत नाही. शिवाय धोत्रेंची नक्कल करणारे बहुतेक जण त्यांच्या साडीची नक्कल करतात आणि त्यांनी सोडलेला काळा भरून टाकतात.

काच लावलेली चार चित्रं प्रदर्शनासाठी मुंबईला न्यायची आहेत. काय काळजी घ्यावी?
(जुळे सोलापूर)

काचेऐवजी प्रवासापुरता ॲक्रिलिकचा पत्रा बसवून घ्या. काचच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपच्या फुल्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर घसरत नाहीत. न मढवलेली चित्रं गुंडाळून नळीत घालू नका, जाड थर वळणावर तडकतात. प्रत्येक चित्रावर बटर पेपर, तो चारही बाजूंनी मागे दुमडून टेप केलेला. सुटा राहिला तर गाडीच्या हादऱ्याने तोच चित्रावर घासतो आणि कोऱ्या काळ्यावर राखाडी झिलई धरतो. दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा दोन इंच मोठा पुठ्ठा, आणि चित्रं एकमेकांसमोर तोंड करून ठेवू नका. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने नेत असाल तर गठ्ठा बर्थखाली आडवा न सरकवता भिंतीला टेकवून उभा ठेवा. खाली सरकवला की रात्री कुणीतरी त्यावर बॅग ढकलतंच.